योग्य जागी सापडलेलं जनुक

मूल अडीच वर्षांचं झालं तरी हाकेला ओ देत नाही. आलेले चार शब्दही हळूहळू गळून जातात. मग बालरोगतज्ज्ञ, विकासाच्या चाचण्या, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी असा प्रवास सुरू होतो आणि त्यात कधीतरी कुणीतरी जनुकीय तपासणी सुचवतं. रक्ताचा नमुना जातो, काही आठवड्यांनी अहवाल येतो. त्यात एका जनुकाचं नाव असतं, त्यातल्या बदलाची सांकेतिक नोंद असते आणि पुढे शेरा असतो : ‘अर्थ अनिश्चित’. त्या रात्री आईवडील ते नाव इंटरनेटवर शोधतात. हे जनुक स्वमग्नतेशी जोडलेलं आहे, गर्भातल्या बाळाच्या मेंदूत भाषेशी संबंधित भागांत ते जोमाने काम करतं, असं त्यांच्या वाचनात येतं. सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि कारण सापडलं अशी त्यांची खात्री पटते.

ही खात्री किती खरी? एखादं जनुक मेंदूत कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात व्यक्त होतं, यावरून स्वमग्नतेच्या कारणाबद्दल नेमकं काय सांगता येतं? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नावर प्रचंड काम झालं आहे. त्याचा आढावा घेण्यासाठी मी एक जनुक मध्यभागी ठेवलं आहे. त्याचं नाव सीएनटीएनएपी-२. संशोधक बोलताना त्याला सुटसुटीतपणे ‘कॅटनॅप-२’ म्हणतात, तेच आपणही वापरू. हे जनुक निवडायचं कारण असं, की मेंदूतल्या अभिव्यक्तीचा पुरावा इतका देखणा क्वचितच एखाद्या जनुकाच्या वाट्याला आला असेल, आणि त्या देखणेपणाने भल्याभल्यांना इतकं वाहवत नेल्याचं उदाहरणही दुसरं चटकन आठवत नाही.

आधी थोडं मुळातलं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. यकृताची पेशी आणि मेंदूतली चेतापेशी वेगळ्या ठरतात, त्या त्यांच्यात कोणती जनुकं चालू आहेत यावरून. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात आणि त्या प्रतींवरून प्रथिन बनतं. या प्रती मोजल्या की जनुकाची अभिव्यक्ती कळते. अडचण एवढीच, की जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा या मोजणीसाठी काढता येत नाही. म्हणून मृत्यूनंतर दान मिळालेले मेंदू, गर्भपातानंतर संमतीने मिळालेली गर्भाची ऊती आणि प्रयोगशाळेतले प्राणी, या तीन गोष्टींवर बहुतेक ज्ञान उभं आहे. पुढे जे काही सांगणार आहे ते वाचताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवायला हवी.

कॅटनॅप-२ सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याची लांबी डीएनएची सुमारे २३ लाख अक्षरं, म्हणजे मानवी जनुकांतल्या सर्वांत लांब जनुकांपैकी ते एक. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं नाव कॅस्पर-२. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या एलिओर पेलेस यांच्या गटाने १९९९मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा स्वमग्नतेचा विषयही नव्हता. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि त्या आवरणाला ठरावीक अंतरावर खंड असतो. त्या खंडांच्या जवळच पोटॅशियमच्या वाहिन्या दाटीने बसवलेल्या असतात. कॅस्पर-२ त्या वाहिन्यांना जागेवर धरून ठेवतं, असं या गटाने दाखवलं. विद्युतसंदेश नीट पुढे सरकण्याशी या मांडणीचा संबंध आहे. निव्वळ पेशीविज्ञानातला हा शोध होता.

स्वमग्नतेशी धागा जुळला तो २००६मध्ये, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात. तिथला ओल्ड ऑर्डर आमिश समाज मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला आणि आपसांतच लग्नं करणारा आहे. त्या समाजातल्या मुलांवर उपचार करणाऱ्या स्ट्रासबर्ग गावच्या ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’मधले केविन स्ट्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं सुरुवातीला बहुतांशी ठीक वाढत होती. मग लहानपणीच फेफरं सुरू झालं. फेफरं वाढलं तशी भाषा मागे गेली आणि बहुतेकांत स्वमग्नतेची लक्षणं दिसू लागली. सगळ्यांच्या कॅटनॅप-२च्या दोन्ही प्रतींमध्ये एक अक्षर गळालेलं होतं, त्यामुळे पूर्ण प्रथिन बनतच नव्हतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या, ही गोष्ट इथेच अधोरेखित करून ठेवतो. पुढची सगळी गुंतागुंत एक प्रत आणि दोन प्रती यांतल्या फरकाभोवती आहे.

त्यानंतरची दोन वर्षं या जनुकाच्या इतिहासात फार उत्साहाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत डॅनियल गेश्विंड यांचा गट माणसाचा मेंदू भाषेसाठी कसा घडतो याचा शोध घेत होता. त्यांनी गर्भावस्थेच्या साधारण १७ ते १९ आठवड्यांच्या मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, वेगवेगळ्या भागांतली जनुकांची अभिव्यक्ती ताडून पाहिली. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कॅटनॅप-२ उठून दिसलं. पुढच्या बाजूला, म्हणजे ज्या भागांतून पुढे भाषा आणि विचार यांचं काम चालणार आहे तिथे, त्याची अभिव्यक्ती जास्त होती. उंदरांच्या मेंदूत असा प्रादेशिक कल दिसत नव्हता. माणसात आहे, उंदरात नाही, आणि जागा भाषेची. यापेक्षा मोहक निष्कर्ष कोणता असणार?

जानेवारी २००८मध्ये मानवी जनुकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन स्वतंत्र गटांचे निबंध आले. गेश्विंड यांच्या गटाने स्वमग्न मुलांच्या कुटुंबांत या जनुकातल्या एका सामान्य फरकाचा संबंध पहिला शब्द बोलण्याच्या वयाशी जोडला. जॉन्स हॉपकिन्समधल्या अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने दुसऱ्या एका सामान्य फरकाचा संबंध खुद्द स्वमग्नतेशी जोडला. येलमधल्या मॅथ्यू स्टेट यांच्या गटाने दुर्मीळ बदलांच्या बाजूने पुरावा मांडला. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधून आणखी एक धागा आला. फॉक्सपी-२ या जनुकातल्या दोषामुळे वाणीचा गंभीर विकार होतो, हे २००१पासून ठाऊक होतं. हे फॉक्सपी-२ कॅटनॅप-२ला थेट चिकटून त्याची अभिव्यक्ती कमी करतं, असं सायमन फिशर यांच्या गटाने दाखवलं. मानवी गर्भाच्या बाह्यकात ज्या थरांत फॉक्सपी-२ भरपूर, तिथे कॅटनॅप-२ कमी, असा उलटा मेळही दिसला. भाषाविकार असलेल्या मुलांना निरर्थक शब्द ऐकून पुन्हा उच्चारता येतात का, या चाचणीतल्या गुणांशी कॅटनॅप-२मधले फरक जोडले गेले. पुढे झेब्रा फिंच या गाणं शिकणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूतल्या गायनकेंद्रांतही हे जनुक वेगळ्या प्रमाणात व्यक्त होत असल्याचं आढळलं.

त्या काळातले हे निबंध आज पुन्हा वाचताना त्यांच्यातली बौद्धिक मजा जाणवते आणि ती खरी होती. पक्ष्यांचं गाणं, माणसाची वाणी, आमिश मुलांचं फेफरं आणि गर्भातल्या मेंदूचा नकाशा एका जनुकाशी येऊन मिळत होते. २०११मध्ये त्यावर कळस चढला. ओल्गा पेन्यागारिकानो आणि सहकाऱ्यांनी हे जनुक पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांना झटके येत, ते अतिचपळ होते, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत, इतर उंदरांत फारसे मिसळत नसत, पिल्लं आईपासून दूर केल्यावर कमी आवाज काढत. त्यांच्या मेंदूत काही चेतापेशी आपल्या नेमलेल्या थरापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या आणि संदेशांना लगाम घालणाऱ्या पेशींची संख्या घटलेली होती. रिस्पेरिडोन हे औषध दिल्यावर अतिचपळता आणि पुनरावृत्ती कमी झाली, सामाजिक वागणं मात्र बदललं नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांना हे वाचून ओळखीचं वाटेल, कारण त्यांचाही अनुभव पुष्कळदा असाच असतो.

या उंदरांमुळे एक जुनं कोडंही सुटायला लागलं. मायलिनचं आवरण प्रामुख्याने जन्मानंतर चढतं. मग त्या आवरणाजवळच्या वाहिन्या सांभाळणारं जनुक जन्माआधी काही महिने एवढं चालू का असतं? उत्तर असं दिसतं, की कॅस्पर-२ला आधीचंही काम आहे. चेतापेशींना फांद्या फुटणं, त्या फांद्यांवर जोडण्यांच्या जागा तयार होणं यांतही त्याचा हात आहे, हे २०१२मधल्या प्रयोगांत दिसलं. अभिव्यक्तीच्या वेळेवरून नवा प्रश्न सुचला आणि त्यातून नवं काम उजेडात आलं. जनुकाचा नकाशा इथे फार उपयोगी पडला.

आणि तरीही मूळ दावा पुढे ढासळला. म्हणजे एका प्रतीतला बदल किंवा सामान्य फरक स्वमग्नतेची शक्यता लक्षणीय वाढवतो, हा दावा. २०१५मध्ये स्टेट यांच्याच गटाने २,७०४ स्वमग्न व्यक्ती आणि २,७४७ इतर व्यक्ती यांच्यातले या जनुकाचे दुर्मीळ बदल मोजले. एका प्रतीतले असे बदल दोन्हीकडे सारखेच आढळले. स्वमग्नतेशी सांख्यिकीयदृष्ट्या ठरेल असा संबंध निघाला नाही. सात वर्षांपूर्वी ज्या गटाने या जनुकाच्या बाजूने मांडणी केली होती, त्याच गटाने अधिक माणसं मोजून तिच्या मर्यादा जाहीर केल्या. विज्ञानात प्रामाणिकपणा कसा असतो, हे कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन. २०१८मध्ये क्लॉदिओ तोमा आणि सहकाऱ्यांनी स्वमग्नतेसह अनेक मनोविकारांच्या मोठ्या माहितीसाठ्यांतून हे जनुक तपासलं आणि मनोविकारांची जोखीम वाढवणारं हे प्रमुख जनुक असण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष काढला. २०१९मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने १८,३८१ स्वमग्न व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंच चाळून सामान्य फरकांचा शोध घेतला गेला. ठामपणे पुढे आलेल्या पाच जागांमध्ये कॅटनॅप-२ नव्हतं.

मग जागा एवढी अचूक कशी जुळली होती? याचा विचार करणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चोरी झाली त्या गल्लीत एखादा माणूस दिसला एवढ्यावरून तो चोर ठरत नाही, गल्ली वर्दळीची असेल तर मुळीच नाही, आणि मेंदू ही फार वर्दळीची गल्ली आहे. येलमधल्या नेनाद शेस्तान यांच्या गटाने २०११मध्ये गर्भापासून ८२ वर्षांपर्यंतच्या ५७ मेंदूंचा आराखडा प्रसिद्ध केला. तपासलेल्या जनुकांपैकी ८६ टक्के जनुकं मेंदूत व्यक्त होत होती आणि त्यांतली ९० टक्के जागेनुसार किंवा वयानुसार कमीजास्त होत होती. म्हणजे मेंदूत असणं सोडाच, मेंदूच्या विशिष्ट भागात विशिष्ट काळी जास्त असणं हेही दुर्मीळ नाही. यादीतून डोळे मिटून एखादं जनुक उचललं, तरी त्याच्यासाठी पटण्याजोगी गोष्ट रचता येईल.

लांबीचाही भाग आहे. २३ लाख अक्षरांच्या जनुकात बदल, तुटी आणि गळती आपसूकच जास्त सापडणार. या जनुकातले मोठे तुकडे गळालेली, तरीही कसलाच त्रास नसलेली माणसं आढळली आहेत. जनुकीय अहवालांत कॅटनॅप-२चं नाव वारंवार दिसतं त्यामागे हेही कारण आहे. मेंदूच्या चेतापेशींत व्यक्त होणारी जनुकं एकूणच लांब असतात. त्यामुळे लांबी, मेंदू आणि अहवालातली हजेरी यांची आपसांत गल्लत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण जिथे शोधतो तिथेच सापडतं. २००७-०८मध्ये भाषेचा शोध चालू होता, म्हणून बाह्यकाचा पुढचा भाग पाहिला गेला. २०१६मध्ये पेलेस यांच्या गटाने उंदरांत हे जनुक कुठे कुठे चालू असतं ते वेगळ्या पद्धतीने रंगवून पाहिलं, तर गंध, दृष्टी, श्रवण, स्पर्श या सगळ्या संवेदनमार्गांच्या अनेक टप्प्यांवर ते सापडलं. २०१८मध्ये आणखी पुढची गोष्ट कळली. त्वचेकडून मज्जारज्जूकडे वेदना नेणाऱ्या चेतापेशींतही कॅस्पर-२ आहे आणि ते नसलं की या पेशी अतिसंवेदनशील होतात. अशा उंदरांना साध्या स्पर्शानेही जास्त दुखतं. हे जनुक नसलेल्या उंदरांत आवाज गाळून ऐकण्याची क्षमताही बिघडलेली दिसली आहे.

मला या संवेदनमार्गांच्या कामाचं मोल फार वाटतं. मिक्सरचा आवाज सुरू होताच कान झाकून घेणारं, शर्टाच्या आतलं लेबल टोचतं म्हणून रडणारं, केस कापताना कासावीस होणारं मूल ज्या घरात आहे, तिथे हे हट्ट नाहीत एवढं पटवण्यासाठी आईला आयुष्य खर्ची घालावं लागतं. स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत संवेदनांमधला हा वेगळेपणा २०१३मध्ये स्पष्टपणे घातला गेला. त्याआधी जनुकांच्या नकाशांतही त्याला फारशी जागा नव्हती. भाषा हाच मुख्य प्रश्न धरला, तर नकाशात भाषाच दिसते.

२०१२नंतर संशोधकांनी क्रम उलटा केला आणि तिथून या क्षेत्राला खरी शिस्त आली. आधी हजारो कुटुंबांतल्या मुलांच्या जनुकसंचाची आईवडिलांशी तुलना करायची. आईवडिलांत नसलेले, मुलात नव्याने उद्भवलेले घातक बदल शोधायचे. असा बदल एकाच जनुकात असंबंधित मुलांमध्ये पुन्हा पुन्हा सापडला, की ते जनुक खात्रीच्या यादीत घ्यायचं. आणि त्यानंतर ते मेंदूत कुठे व्यक्त होतं हे पाहायचं. २०१३मध्ये अशा फक्त नऊ जनुकांपासून सुरुवात करून जेरेमी विल्सी आणि सहकाऱ्यांनी शेस्तान यांचा आराखडा धुंडाळला. गर्भधारणेनंतरच्या दहाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान, बाह्यकाच्या खोल थरांतल्या दूरवर तंतू पाठवणाऱ्या चेतापेशींत या जनुकांची अभिव्यक्ती एकत्र येते, असं त्यांना दिसलं. हा निबंध आला त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात नीलरूप परीक्षक आणि गेश्विंड यांच्या गटाने वेगळ्या गणिताने वरच्या थरांकडे बोट दाखवलं. गर्भावस्थेचा मधला काळ आणि बाह्यकातल्या चेतापेशी याबाबत दोघांचं जुळलं, थराबाबत जुळलं नाही.

यादी पुढे वाढत गेली. २०२०मध्ये ३५,५८४ व्यक्तींच्या अभ्यासातून १०२ जनुकं पुढे आली. त्यांतली बरीच इतर जनुकांचं नियंत्रण करतात, बरीच चेतापेशींमधल्या संवादाचं काम सांभाळतात, आणि ती उत्तेजन देणाऱ्या व लगाम घालणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशींत लवकरच्या काळापासून चालू असतात. कॅटनॅप-२ या १०२मध्ये नाही. २०२२मध्ये ६३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासातून ७२ जनुकं अत्यंत कडक निकषांवर टिकली. इथे अभिव्यक्तीचा नकाशा आरोप ठेवण्यासाठी वापरलेला नाही. संबंध आधीच सिद्ध झालेल्या जनुकांचं काम समजून घेण्यासाठी तो वापरला आहे. माझ्या मते नकाशाचा योग्य उपयोग हाच.

कॅटनॅप-२सारखीच वाट मेट या जनुकाचीही झाली. २००६मध्ये त्यातल्या एका फरकाने अभिव्यक्ती घटते आणि स्वमग्नतेची शक्यता वाढते, असं पॅट लेव्हिट यांच्या गटाने मांडलं. पाठोपाठ मेंदूच्या टेम्पोरल भागात त्याचं प्रथिन कमी असल्याचंही दाखवलं गेलं. मोठ्या अभ्यासांत हा संबंधही टिकून राहिला नाही. उलट शॅंक-३चं घ्या. बाविसाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी पुरते, हे २००७पासून वारंवार सिद्ध झालं. त्यानंतर मेंदूच्या खोलवरच्या स्ट्रायटम या भागात ते भरपूर व्यक्त होतं, हे उंदरांतल्या अंग चाटत राहण्याच्या वेडाशी २०११मध्ये जोडलं गेलं, तेव्हा त्या जोडणीला वजन होतं.

आता नकाशांच्याच मर्यादेकडे येऊ. शेस्तान यांच्या आराखड्यातले ५७ मेंदू पंधरा कालखंडांत विभागले तर एका कालखंडाच्या वाट्याला चारही येत नाहीत. एवढ्या थोड्या मेंदूंवर जगभरातल्या शेकडो निबंधांचा डोलारा उभा आहे. स्वमग्न व्यक्तींचे दान मिळालेले मेंदू तर त्याहून दुर्मीळ. २०१२मध्ये बोस्टनजवळच्या मॅकलिन रुग्णालयातल्या मेंदूसंग्रहाचा एक फ्रीझर बंद पडला आणि सुमारे दीडशे मेंदूंचं नुकसान झालं. त्यांतले पन्नासहून अधिक स्वमग्न व्यक्तींचे होते. ज्या कुटुंबांनी आपल्या दुःखाच्या घडीला ते दान दिलं होतं त्यांचं काय झालं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

अशा दान मिळालेल्या मेंदूंमधून जे कळलं तेही जपून वाचावं लागतं. २०११मध्ये इरिना व्हॉइनागू आणि गेश्विंड यांना आढळलं, की एरवी बाह्यकाचा पुढचा भाग आणि कानशिलाजवळचा भाग यांच्या अभिव्यक्तीत जो स्पष्ट फरक असतो, तो स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत पुसट झालेला आहे. चेतापेशींच्या जोडण्यांशी संबंधित जनुकांचा एक गट मंदावला होता, त्यात कॅटनॅप-२ही होतं. प्रतिकारशक्तीशी संबंधित दुसरा गट वाढलेला होता. पण हे मेंदू आयुष्य जगून झालेले होते. फेफरं, औषधं, झोपेचे त्रास, एकाकीपण यांचाही ठसा अभिव्यक्तीवर उमटतो. मंदावलेलं जनुक हे कारण की परिणाम, हे एकट्या मोजणीतून ठरत नाही. २०१९मध्ये एकेका पेशीची वेगळी मोजणी झाली तेव्हा वरच्या थरांतल्या उत्तेजक चेतापेशी आणि मेंदूतल्या रक्षक पेशी यांत जास्त बदल दिसले. २०२२मध्ये बाह्यकाचे अकरा भाग तपासले गेले. सर्वाधिक बदल होते दृष्टीच्या प्राथमिक भागात, जिथे फारसं कुणी पाहिलंच नव्हतं.

कॅस्पर-२ बाबत आणखी एक वाट आहे. काही मातांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असतात, आणि अशी प्रतिपिंडं गर्भिणी उंदरांना दिल्यावर नर पिल्लांच्या मेंदूत आणि वागण्यात बदल दिसले, असं २०१६मधलं संशोधन सांगतं. हे अजून उंदरांपुरतं आहे. स्वमग्नतेचा दोष आईच्या थंडपणाला देण्याचा विसाव्या शतकातला इतिहास ताजा असताना अशा निष्कर्षांचा बोभाटा करताना शंभरदा विचार करायला हवा.

आपल्याकडचं चित्र काय? भारतातल्या मुलांमधल्या मेंदूविकासाच्या वेगळेपणाची मोजणी पाच ठिकाणी झाली आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूसंग्रह आहे. मद्रास आयआयटीतल्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने २०२४च्या डिसेंबरमध्ये ‘धरणी’ हा संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतल्या पाच मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात पेशीपेशी दिसतील इतक्या बारकाईने पाहायला मिळतात. स्वमग्नतेची जनुकं ज्या आठवड्यांत सर्वाधिक चालू असतात तेच हे आठवडे. जनुकांच्या आरएनएची मोजणी आणि ही शरीररचना एकत्र आणायला भारतातल्या प्रयोगशाळांना आता जागा मोकळी आहे. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचा साठा २०२५च्या जानेवारीत संशोधकांना उपलब्ध झाला. आपल्या अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा एवढा दिसतो, कारण तुलनेसाठी वापरलेले साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या माणसांचे आहेत. एखादा बदल इथल्या निरोगी माणसांत सर्रास असेल, पण तिकडच्या साठ्यात नसेल, तर तो उगाच संशयास्पद ठरतो. हे आता हळूहळू सुधारेल.

कॅटनॅप-२ निरुपद्रवी आहे, असं मात्र या सगळ्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तर होणारा विकार खरा आणि गंभीर आहे. आमिश समाजाबाहेर इतर देशांतही अशी मुलं सापडली आहेत. फेफरं, भाषेतली पीछेहाट आणि स्वमग्नतेची लक्षणं हेच चित्र तिथेही दिसतं. हा मुद्दा आपल्यासाठी परका नाही. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्नाची रीत आहे, इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांच्या अभ्यासात ती नोंदवली आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत आईकडून आणि वडिलांकडून, अशा दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक.

म्हणून अहवालात हे नाव दिसलं, तर पहिला प्रश्न विचारा : बदल एका प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत? एकाच प्रतीत असेल आणि शेरा ‘अर्थ अनिश्चित’ असेल, तर आजच्या पुराव्यावर ते तुमच्या मुलाच्या स्वमग्नतेचं कारण ठरत नाही, आणि तेवढ्यावरून पुढच्या बाळाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका. दोन्ही प्रतींत असेल तर आईवडिलांची तपासणी करून घ्या, मेंदूविकारतज्ज्ञांना फेफऱ्याबद्दल विचारा आणि जनुकीय समुपदेशकाला भेटा. जुना अहवाल फेकू नका. माहितीसाठे वाढताहेत, दोन-तीन वर्षांनी तोच अहवाल पुन्हा वाचून घेण्याचा आग्रह धरा. आणि या सगळ्याच्या उत्तरासाठी मुलाची थेरपी एक दिवसही थांबवू नका.